अर्ध्या दिवसाची ओळख

डोंबिवलीला आईबाबांच्या घरी सध्या जाम राडा चालू आहे. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, महिनाअखेरपर्यंत फ्लॅट रिकामा करायचाय आणि तीस वर्षांचा संसार पुठ्ठ्याच्या खोक्यांत कोंबायचाय. मी फ्रीलान्सर. म्हणजे घरच्यांच्या मते चोवीस तास मोकळी! त्यामुळे गेले दोन वीकेंड कपाटं उपसायची ड्यूटी माझ्याकडे.

तर परवा लोखंडी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवरून एक पिशवी खाली आली. पिशवीत इस्त्री केलेला एक शर्ट. फिकट निळा, पांढऱ्या चौकड्यांचा, साइज बेचाळीस. आमचे बाबा अडतीसचे!

आईने पिशवी पाहिली आणि फर्मान काढलं, “हा आता द्या टाकून. वीस वर्षं झाली.”

बाबा म्हणाले, “तो आपला नाही. दुसऱ्याची वस्तू टाकणारे आपण कोण?”

आणि मग जे सुरू झालं, ते संध्याकाळच्या चहापर्यंत संपलं नाही. मी मध्ये बसून दोघांच्या तोंडाकडे बघत होते आणि डोक्यात मात्र भलतंच काहीतरी फिरत होतं. एक ग्रह. खराखुरा, आकाशातला. तोसुद्धा २००५च्याच पावसाळ्यातला.

थांबा, पान उलटू नका. आधी ग्रहाचं सांगते, मग शर्टाचं. दोन्ही एकाच कपाटातले आहेत, बघाच तुम्ही.

ग्रहाचं नाव आहे ओगल-२००५-बीएलजी-३९०एलबी. नाव आहे की वायफायचा पासवर्ड, असं मलाही वाटलं होतं. पण फोड केली की सोपं आहे. ‘ओगल’ हा पोलंडमधल्या वॉर्सा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांचा प्रकल्प. चिलीमध्ये लास कांपानास नावाच्या डोंगरावर त्यांची १.३ मीटरची दुर्बीण आहे. ती आकाशगंगेच्या मध्याकडच्या कोट्यवधी ताऱ्यांवर नजर ठेवून असते. (इंग्रजीत ‘ओगल’ म्हणजे टक लावून बघणं, तेही जरा वाईट नजरेने. शास्त्रज्ञांनाही विनोद कळतो!) २००५ हे साल. बीएलजी म्हणजे आकाशगंगेच्या मधला ताऱ्यांनी गच्च भरलेला फुगवटा. ३९० म्हणजे त्या हंगामातली तीनशे नव्वदावी घटना. ‘एल’ म्हणजे लेन्स आणि ‘बी’ म्हणजे त्या लेन्सभोवती सापडलेला पहिला ग्रह.

एवढं मोठं नाव कोण घेणार? म्हणून नासाने लाडाने त्याला ‘होथ’ म्हटलं. ‘स्टार वॉर्स’वाल्यांना हे लगेच कळलं असेल. १९८०च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये तो बर्फाचा ग्रह आहे ना, तोच होथ. टोपणनाव अगदी फिट्ट बसतं. आपल्या या होथवर तापमान उणे २२० अंश सेल्सियसच्या आसपास असावं, असा हिशेब आहे. पृथ्वीवरचा थंडीचा रेकॉर्ड अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक केंद्राचा, १९८३मधला. उणे ८९.२. म्हणजे होथपुढे आपलं अंटार्क्टिकासुद्धा मे महिन्यातलं जळगाव!

हा ग्रह आपल्यापासून सुमारे साडेएकवीस हजार प्रकाशवर्षं लांब आहे. त्याचा सूर्य म्हणजे एक मिणमिणता लाल खुजा तारा. वजनाने आपल्या सूर्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा. पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर आहे, त्याच्या अडीच पटीहून जरा जास्त अंतरावरून होथ त्याच्याभोवती फिरतो. एका फेरीला साधारण दहा वर्षं लागतात. म्हणजे तिथे वर्षातून एकदा अप्रेझल असेल, तर विचारायलाच नको.

आता खरी गंमत. हा ग्रह आजपर्यंत कुणीही पाहिलेला नाही. फोटो नाही, ठिपका नाही, काही नाही. एवढंच नाही, तो ज्या पद्धतीने सापडला त्या पद्धतीने तो पुन्हा कधीही सापडणार नाही. त्याची आपल्याशी भेट झाली ती एकदाच. १० ऑगस्ट २००५ रोजी. सुमारे बारा तास.

बारा तासांत, न बघता, एवढ्या लांबच्या ग्रहाचं वजन, अंतर आणि वर्षाची लांबी कशी काढली? तर या पद्धतीचं नाव आहे गुरुत्वीय सूक्ष्मभिंग. मायक्रोलेन्सिंग. नाव ऐकून घाबरू नका, घरी करून बघण्यासारखं आहे. जाड बुडाचा काचेचा ग्लास घ्या. खोलीतला सगळ्यात लांबचा छोटा दिवा त्या बुडातून बघा आणि ग्लास हळूहळू बाजूला सरकवा. दिव्याचा आकार ताणला जातो, एका क्षणी तो एकदम मोठा आणि झगमगीत होतो आणि ग्लास पुढे गेला की पुन्हा पहिल्यासारखा. दिवा तोच असतो, मधून ग्लास गेलेला असतो.

आकाशात ग्लासचं काम तारे करतात. वजनदार वस्तूजवळून जाताना प्रकाश वाकतो, हे आइनस्टाइनचं म्हणणं. १९१९च्या सूर्यग्रहणात एडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजून दाखवलं. मग एक तारा दुसऱ्या ताऱ्याच्या अगदी नेमका पुढून गेला तर? मागच्याचा प्रकाश पुढच्याच्या गुरुत्वाने वाकून आपल्याकडे गोळा होतो आणि मागचा तारा काही दिवस जास्त तेजस्वी दिसतो. पुढचा तारा दिसलाच पाहिजे, अशी अटही नाही. त्याचं वजन असलं की पुरे.

या कल्पनेचा जन्मही मजेशीर आहे. १९३६ साली मँडल नावाचा एक इंजिनिअर आइनस्टाइनला भेटायला गेला. तो खगोलशास्त्रज्ञ वगैरे नव्हता, पण ताऱ्यांच्या भिंगाची कल्पना त्याने डोक्यात घेतली होती आणि हे गणित छापाच म्हणून तो मागे लागला. आइनस्टाइनने शेवटी ‘सायन्स’ या नियतकालिकात छोटंसं टिपण दिलं. त्यात त्याने सरळ लिहून टाकलं की हे प्रत्यक्ष बघायला मिळण्याची आशा नाही. स्वतः आइनस्टाइन! आणि त्याच्या जागी तो बरोबरच होता. दोन तारे असे एका रेषेत येण्याची शक्यता किती? आकाशगंगेच्या मध्याकडचे दहा लाख तारे घेतले, तर कुठल्याही एका वेळी त्यातला जेमतेम एक असा उजळलेला असतो.

पण पन्नास वर्षांनी, १९८६ साली, बोहदान पाचिन्स्की नावाच्या प्रिन्स्टनमधल्या पोलिश शास्त्रज्ञाने साधा विचार केला. दहा लाखांत एक, मग कोट्यवधी ताऱ्यांवर लक्ष ठेवूया की! कॅमेरे आणि कॉम्प्युटर सुधारत होतेच. १९९१मध्ये त्याने शुदे माओ या आपल्या सहकाऱ्याबरोबर पुढचं सांगितलं: पुढून जाणाऱ्या ताऱ्याला ग्रह असेल, तर त्या ग्रहाचीही छोटीशी खूण उमटेल. १९९३पासून अशा घटना खरोखर दिसू लागल्या. २००७मध्ये पाचिन्स्की गेले, पण होथची बातमी त्यांच्या हयातीतच आली.

आता २००५कडे येऊ.

११ जुलै २००५. ओगलच्या यंत्रणेने इशारा दिला: एक तारा उजळायला लागलाय. त्या वर्षातली ३९० नंबरची घटना. ३१ जुलैला त्याची चमक सर्वांत जास्त, नेहमीच्या सुमारे तिप्पट झाली आणि मग उतरायला लागली. अगदी पुस्तकातल्यासारखा घंटेच्या आकाराचा आलेख. चढ, माथा, उतार. केस क्लोज्ड.

पण ‘प्लॅनेट’ नावाचा शास्त्रज्ञांचा दुसरा एक गट अशा ताऱ्यांचा पिच्छा सोडत नाही. त्यांचं काम म्हणजे आपल्याकडच्या आयटी कंपन्यांतल्या शिफ्टसारखं. रात्र संपली की तारा दिसेनासा होतो, पण पृथ्वीवर कुठे ना कुठे रात्र असतेच. म्हणून चिली, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अशी दुर्बिणींची साखळी. एकीकडे उजाडलं की पुढच्याकडे हँडओव्हर. तारा एकच, शिफ्टवाले अनेक. आणि एकाने जरी डुलकी काढली तरी मधला तुकडा कायमचा गेला, कारण इथे रिटेक नाही.

१० ऑगस्टला चिलीतल्या ला सिया इथल्या १.५४ मीटरच्या डॅनिश दुर्बिणीच्या नोंदीत एक बिंदू ठरलेल्या रेषेच्या वर आला. त्याच रात्रीची ओगलची नोंदही तेच सांगत होती. चिलीत उजाडलं, पण ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या ०.६ मीटरच्या दुर्बिणीने पुढचा उतार पकडला. न्यूझीलंडच्या ‘मोआ’ गटाच्या नोंदींनीही दुजोरा दिला. मोठ्या घंटेच्या उतारावर एक छोटासा उंचवटा. सुमारे अर्ध्या दिवसाचा. मग रेषा पुन्हा पूर्ववत, जणू काही घडलंच नाही.

तो उंचवटा म्हणजे होथ.

त्या उंचवट्यातून वजन कसं कळलं? इथे लॉजिक साधं आहे. भिंग जितकं वजनदार, तितका त्याचा परिणाम जास्त वेळ टिकतो. ताऱ्याचा परिणाम आठवडेच्या आठवडे दिसतो. गुरूसारख्या दांडग्या ग्रहाचा दिवसभर किंवा त्याहून थोडा जास्त. पृथ्वीएवढ्या ग्रहाचा काही तासच. इथे बारा तास होते. मधल्या सगळ्या गणितातून वजन निघालं पृथ्वीच्या सुमारे साडेपाच पट. ही मधली किंमत आहे हं. खालीवर बरीच मोकळी जागा त्यांनी ठेवली, पावणेतीन पटीपासून अकरा पटीपर्यंत. शास्त्रज्ञांचं हे मला फार आवडतं. सीव्हीमध्ये आपण कधी ‘अनुभव पाच वर्षं, अधिक-उणे तीन’ असं लिहितो का?

आणि हा उंचवटा ग्रहाचाच कशावरून? मागे एकाऐवजी दोन तारे असते, एक ठळक आणि एक मंद, तरी असाच उंचवटा दिसू शकला असता. ती शंका त्यांनी स्वतःच काढली, त्याचं गणित मांडलं आणि नोंदी त्याच्याशी जुळत नाहीत हे तपासूनच पुढे गेले. मग २६ जानेवारी २००६ला ‘नेचर’मध्ये शोधनिबंध आला. पहिलं नाव पॅरिसच्या जाँ-फिलिप बोल्यू यांचं, पण एकूण नावं ७३, बारा देशांतली. अर्ध्या दिवसाच्या साक्षीसाठी ७३ साक्षीदार!

ही बातमी मोठी का होती? कारण तोवर सूर्यासारख्या साध्या ताऱ्यांभोवती सापडलेले बहुतेक ग्रह गुरूसारखे अगडबंब होते आणि त्यातले बरेच आपापल्या ताऱ्याला अगदी चिकटून फिरणारे. १९९५मध्ये मायोर आणि केलो यांनी शोधलेला ५१ पेगासी बी तसाच, त्याचं वर्ष जेमतेम चार दिवसांचं. (त्या शोधाला २०१९चं नोबेल मिळालं.) ते आधी सापडले कारण शोधायला सोपे. ऑफिसातही मोठ्याने बोलणारे आधी लक्षात येतात, तसंच. होथ मात्र छोटा, थंड आणि ताऱ्यापासून चांगला लांब. खडक आणि बर्फाचा असावा. असे ग्रह आहेत आणि आपल्या हाताला लागू शकतात, हे त्याने दाखवलं.

आता शर्ट.

११ जुलैला इशारा, ३१ जुलैला माथा. या दोन तारखांच्या मध्ये कुठली तारीख येते, हे मुंबईकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस.

मी तेव्हा दुसरीत होते. बाबांचं ऑफिस कलिन्याला. दुपारी अडीचला निघाले ते कुर्ला स्टेशन गाठू म्हणून. गाड्या बंद, रस्ते बंद, फोन बंद. पाणी आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग छातीला लागलं. कुर्ल्यातल्या कुठल्यातरी गल्लीत पहिल्या मजल्यावरून एका माणसाने हाक मारली, “ओ, पुढे जाऊ नका, वर या!” बाबा जिना चढून वर गेले. तिथे आधीच सातआठ अनोळखी माणसं चिंब भिजून बसली होती. एका खोलीचं घर. त्या माणसाच्या बायकोने सगळ्यांना चहा दिला, रात्री खिचडी टाकली. त्याने स्वतःचे कोरडे कपडे वाटले. बाबांच्या वाट्याला हा निळा शर्ट आला. त्यांचा स्वतःचा दोरीवर वाळत घातला, तो तिथेच राहिला.

संध्याकाळी सहाला गेलेले बाबा सकाळी सहाला निघाले. पायी ठाण्यापर्यंत, मग मिळेल त्या वाहनाने, असं करत २७ला संध्याकाळी घरी पोचले. दार मीच उघडलं. ढगळ शर्टातला तो माणूस मला क्षणभर ओळखूच आला नाही. त्या रात्री आई एकदाही झोपली नव्हती, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

पाणी ओसरल्यावर बाबा शर्ट धुऊन, इस्त्री करून, सोबत पेढे घेऊन कुर्ल्याला गेले. घर सापडेना. पाण्यात जी गल्ली पाहिली होती, ती कोरडी झाल्यावर वेगळीच दिसत होती. त्या माणसाचं नाव? पावसाच्या आवाजात बाबांना नीट ऐकू आलं नव्हतं आणि परत विचारायचा संकोच वाटला. पुढे तीनचार वर्षांनी पुन्हा गेले, तर त्या भागात एका ठिकाणी पत्र्याचं कुंपण होतं आणि आत टॉवरचा पाया खणत होते. हेच ते घर की शेजारचं, कोण सांगणार? सोशल मीडियावर टाकूया, असं मी कॉलेजात असताना सुचवलं होतं. बाबा म्हणाले, “काय टाकणार? एका माणसाने मला वर बोलावलं, एवढंच?”

आमच्या घरात त्यांचं नाव पडलं ‘शर्टवाले काका’. त्यांच्याबद्दल आम्हाला ठाऊक आहे ते सगळं शर्टावरून. बाबांपेक्षा चांगले धिप्पाड. खिशाच्या तळाशी शाईचा डाग, म्हणजे कागदपत्रांचं काम असावं. कॉलर एकदा उलटून शिवलेली, म्हणजे पैसे जपून वापरणारं घर. अशा घराने आठदहा माणसांची खिचडी टाकली. बाकी आम्हाला काही माहीत नाही आणि आता कळणारही नाही.

परवा आईचं म्हणणं असं होतं: “जो माणूस परत भेटणारच नाही, त्याची वस्तू किती दिवस सांभाळायची? नव्या घरात जागा आहे का?” यात तिची चूक नाही, भाड्याच्या घरात खरंच जागा नाही. आणि बाबा गप्प बसले. वाईट गोष्ट ही होती. भांडत होते तोवर ठीक होतं, गप्प बसल्यावर ते एकदम म्हातारे दिसले. त्यांना शर्टाचं काही नव्हतं. ‘मी त्याला धड थँक यूसुद्धा म्हटलं नाही,’ एवढंच ते वीस वर्षं मनात घेऊन बसलेत.

मग मी त्यांना होथची गोष्ट सांगितली. जशी तुम्हाला सांगितली तशीच, ग्लाससकट. आई ग्लासच्या बुडातून ट्यूबलाइट बघत बसली!

बाबांनी एकच प्रश्न विचारला. “परत दिसणार नाही म्हणतेस, मग त्या ग्रहाचं पुढे काय केलं त्यांनी? सोडून दिला?”

प्रश्न भारी होता आणि सुदैवाने त्याचं उत्तर आहे. सोडून नाही दिला, मोजला. प्लॅनेट गटाने २००२ ते २००७ या सहा वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या. त्यात त्यांना सापडलेले ग्रह किती, तर अवघे तीन, आणि त्यातला एक होथ. पण त्यांनी हेही मोजलं की आपण किती ताऱ्यांकडे, किती वेळ, किती बारकाईने बघत होतो. दहा लाखांत एक असा योग लागतो आणि तरीही तीन दिसतात, तर प्रत्यक्षात किती असतील? जानेवारी २०१२मध्ये आर्नो कॅसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये उत्तर दिलं: आपल्या आकाशगंगेत ताऱ्यामागे सरासरी एकाहून जास्त ग्रह आहेत. म्हणजे रात्री वर बघाल तर दिसणाऱ्या ताऱ्यांपेक्षा न दिसणारी घरं जास्त! ग्रह ही तुरळक सापडणारी चीज नाही, तो नियमच आहे. हे कळायला अर्ध्या दिवसाची ती एक ओळखही कामाला आली.

त्यानंतर शोध वाढतच गेले. २०२५मध्ये आपल्या सूर्यमालेबाहेरच्या पक्क्या ग्रहांची संख्या सहा हजारांच्या पुढे गेली. त्यातले मायक्रोलेन्सिंगचे दोनशेहून थोडे जास्त. संख्या कमी, पण लांबचे, थंड आणि छोटे ग्रह पकडायला ही पद्धत फार कामाची. नासाने बनवलेल्या नॅन्सी ग्रेस रोमन अवकाश दुर्बिणीच्या मोठ्या कामांपैकी एक हेच आहे, आकाशगंगेच्या मध्याकडे टक लावून बसायचं आणि अशा एकदाच घडणाऱ्या भेटी टिपायच्या.

बाबांना मी म्हटलं, “त्या रात्री मुंबईत तुम्हाला एक घर दिसलं, कारण तुम्ही नेमके त्या खिडकीखाली होतात. बाकी लाखो माणसं कुठे ना कुठे अडकली होती. मग अशी घरं किती असतील, करा हिशेब!”

बाबा हसले. म्हणाले, “म्हणजे शर्टवाले काका एक नाहीत.”

दोस्तांनो, आपली पिढी फॉलोअपवाली. भेटलं की नंबर सेव्ह, रिक्वेस्ट पाठवली, टच में रहेंगे. जे रिपीट होत नाही ते आपल्याला खरं वाटत नाही. पण आपल्या आयुष्यावर ठसा उमटवणारी कितीतरी माणसं एकदाच भेटलेली असतात. पहिल्या इंटरव्ह्यूला चुकीच्या मजल्यावर गेलो तेव्हा धावत येऊन लिफ्ट थांबवणारी ती मुलगी. रात्री साडेअकराला वाट वाकडी करून घरापर्यंत सोडणारे ते रिक्षावाले काका. परत भेट नाही, नाव माहीत नाही. आलेखाच्या रेषेवर मात्र उंचवटा आहे. आपल्या हातात असतं ते इतकंच, की तेव्हा जागं असायचं आणि नंतर नोंद नीट ठेवायची.

आणखी एक सांगते. ज्या प्रकाशाने होथची चुगली केली, तो होथजवळून निघाला सुमारे साडेएकवीस हजार वर्षांपूर्वी. तेव्हा पृथ्वीवर हिमयुग ऐन भरात होतं. शेती नव्हती, गावं नव्हती. तो प्रकाश एवढा प्रवास करून चिलीच्या डोंगरावर पोचला, ती रात्र २००५च्या ऑगस्टमधली. आकाशाचा तो भाग, वृश्चिक आणि धनु राशींच्या सीमेजवळचा, तेव्हा आपल्याकडेही संध्याकाळनंतर दक्षिणेला होता. पण आपल्याकडे ऑगस्ट म्हणजे ढग. पर्थवाल्यांचं आकाश मोकळं होतं, म्हणून ते साक्षीदार झाले. मे महिन्यात कधी माळशेज किंवा पुरंदरच्या बाजूला मुक्कामी गेलात, तर मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे बघा. विंचवाच्या नांगीच्या जरा पुढे जो धुरकट पट्टा आहे ना, तिथेच कुठेतरी. दिसणार काही नाही. पण आहे.

२००५पासून आतापर्यंत होथच्या आपल्या ताऱ्याभोवती दोनएक फेऱ्या झाल्या असतील.

आणि शर्ट? काल शेवटची खोकी बांधली. निळी पिशवी कुठे दिसेना, तेव्हा मला वाटलं आईने गुपचूप भंगारात दिली. बाबांना काय सांगायचं, या टेन्शनमध्ये मी एकेक खोकं तपासत होते. ती सापडली आईच्या पैठण्यांच्या खोक्यात, सगळ्यात वर. खोक्यावर आतल्या सामानाची यादी लिहायची आमची सिस्टिम आहे. आईच्या अक्षरात तिथे मार्करने लिहिलं होतं:

पैठण्या २, शालू १, शर्ट १ (परत द्यायचा आहे).